झाकणभर पेट्रोल

ताशी पन्नासच्या वेगानं चाललेली चारचाकी सिग्नलला थांबवली की पंधरा-वीस मिली पेट्रोल वाया जातं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण असतं ना, तेवढं. हिशेब अकरावीच्या मुलांना जमेल असा आहे. गाडी आणि आत बसलेली माणसं मिळून वजन दीड टन धरा. पन्नासच्या वेगाला तिच्यात साधारण 145 किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. एक लिटर पेट्रोल जाळलं की 32 मेगाज्यूलच्या आसपास उष्णता मिळते, पण शहरात अडखळत चालणारं इंजिन त्यातला जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचवतं. भागाकार केला की झाकणभर पेट्रोल येतं. ब्रेक दाबला की ती सगळी ऊर्जा ब्रेकच्या डिस्क आणि पॅड तापवून हवेत जाते. सिग्नल सुटला की तोच वेग पुन्हा मिळवायला नवं झाकण ओतायचं.

मी सोलापुरात भौतिकशास्त्र शिकवते. जुळे सोलापुरातून निघायचं, आसरा, सात रस्ता, पार्क चौक करत कॉलेज गाठायचं, हा माझा रोजचा रस्ता. या रस्त्यावर पन्नासचा वेग सलग मिळतो तो सकाळी सातच्या आधी. एरवी रिक्षा मध्येच थांबते, कुणी उलट्या दिशेनं दुचाकी घालतं, आणि हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर शहराच्या कडेनं संथ चालू लागतात. वेग घ्यायचा आणि लगेच सोडायचा, असंच चालतं. माझी गाडी स्ट्राँग हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोलच्या इंजिनाबरोबर नुसत्या विजेच्या मोटरवरही चालू शकणारी, आणि या रस्त्यावरच तिची खरी किंमत मला कळली.

आपल्याकडे कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात टाकायच्या आत प्रश्न येतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ मी उलट विचारते, कुठं? लोकांना वाटतं मी उत्तर टाळते. पण माझ्या गाडीला दोन ॲव्हरेज आहेत आणि दोन्ही खरे आहेत. शहरात ती लिटरला बावीस-तेवीस किलोमीटर देते. पुण्याच्या रस्त्यावर शंभरच्या वेगानं नेली की अठरा-एकोणीसवर येते. हे आकडे गाडीच्या पडद्यावरचे नाहीत, टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजलेले आहेत. पडदा नेहमी थोडा चढाच दाखवतो. ‘शहरात जास्त आणि हायवेला कमी? उलटं सांगताय ओ मॅडम,’ असं मला पेट्रोल पंपावर, लग्नात, स्टाफरूममध्ये सगळीकडे ऐकायला मिळालं आहे. साध्या गाडीचं उलटंच असतं, म्हणून ते खोटं वाटतं.

का, ते एकदा नीट सांगायला हवं. हायब्रिड गाडीत पेट्रोलचं इंजिन असतं, विजेची मोटर असते आणि एक लहानशी बॅटरी असते. बॅटरीला चार्जर लावायचा नसतो, तिला तसं तोंडच नसतं. ब्रेकवर पाय ठेवला की आधी मोटर उलटं काम करते. ती जनित्र होते, चाकांना अडवते आणि त्या अडवण्यातून वीज तयार करून बॅटरीत घालते. जोरात ब्रेक मारला तर नेहमीचे ब्रेकही लागतात, पण हलक्या पायानं थांबवलं तर झाकणातलं निम्म्याहून जास्त परत मिळतं. सिग्नलला इंजिन बंद होतं. सिग्नल सुटला की पहिले काही मीटर मोटर ओढते, आणि वेग आल्यावर गरज असेल तर इंजिन जागं होतं. साध्या गाडीचं इंजिन सर्वांत जास्त उधळपट्टी करतं ते याच वेळी, म्हणजे उभं असताना आणि सुटताना. नेमकी तीच वेळ हायब्रिड मोटरकडे सोपवते.

इंजिनही वेगळ्या घडणीचं असतं. जेम्स ॲटकिन्सन नावाच्या इंग्रज अभियंत्यानं 1882 मध्ये एक इंजिन काढलं होतं, ज्यात वायू दाबायचा पल्ला आखूड आणि प्रसरण पावायचा पल्ला लांब होता. म्हणजे जळालेल्या वायूकडून शेवटपर्यंत काम करून घ्यायचं, मग त्याला बाहेर सोडायचं. आजच्या हायब्रिडमध्ये तेच तत्त्व झडपांच्या वेळा बदलून साधतात. हवा आत घेणारी झडप थोडी उशिरा मिटते, त्यामुळे दाबायला मिश्रण कमी उरतं. असं इंजिन काटकसरी असतं, पण कमी वेगात त्याच्यात दम नसतो. एकट्यानं गाडी ओढायला लावलं तर ते चढाला रडेल. मोटरची गोष्ट उलट आहे, तिचा जोर शून्य वेगालाच सर्वांत जास्त असतो. या दोघांची जोडी लावायची कल्पना टोयोटाच्या प्रियस या गाडीनं डिसेंबर 1997 मध्ये जपानमध्ये घाऊक उत्पादनात आणली, आणि अशा इंजिनांची कार्यक्षमता आता अनुकूल स्थितीत 40 टक्क्यांपर्यंत पोचली आहे. पेट्रोल इंजिनासाठी हा आकडा मोठा आहे. मी वर्गात तो सांगते तेव्हा मुलं विचारतात, मग 60 टक्के अजून वायाच का? वर्गातला सर्वांत चांगला प्रश्न तोच असतो, आणि त्याच्या उत्तरासाठी पुढचे दोन तास उष्मागतिकी शिकवावी लागते.

एक गोष्ट घेणाऱ्यानं नीट समजून घ्यावी. हायब्रिड म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच गाड्या अशा नसतात. माइल्ड हायब्रिडमधली मोटर छोटी असते. ती सिग्नलला बंद पडलेलं इंजिन झटकन चालू करते, वेग घेताना थोडा हात देते, पण एकटी गाडी हलवू शकत नाही. तिचा फायदा आहे, पण थोडा आहे. ओळखायची खूण सोपी आहे: इंजिन बंद ठेवून गाडी पार्किंगमधून रस्त्यापर्यंत गेली तर स्ट्राँग, नाही तर माइल्ड. ही परीक्षा टेस्ट ड्राइव्हला दोन मिनिटांत होते. दोन-तीन लाखांचा प्रश्न असताना ती करायला लाजू नये.

आता सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 ला जातो. दुपारी कॉलेजच्या आवारात उभ्या केलेल्या गाडीचं स्टिअरिंग हाताला चटका देतं. हायब्रिडचा एसी विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही थंड हवा येत राहते. हे सुख खरं आहे. पण वीज येते कुठून? माझ्या गाडीची बॅटरी पाऊण युनिटच्या, म्हणजे पाऊण किलोवॉट-तासाच्या आसपास आहे, आणि तीही पूर्ण वापरू दिली जात नाही. आयुष्य टिकावं म्हणून मधला निम्मा पट्टाच वापरात राहतो. भर उन्हात एसीला एक ते दोन किलोवॉट लागतात. म्हणजे दहा ते वीस मिनिटांत बॅटरी खाली येते आणि उभ्या गाडीतही इंजिन चालू होतं, बॅटरी थोडी भरतं, पुन्हा गप्प होतं. मे महिन्यात माझा ॲव्हरेज दोनेक किलोमीटरनं उतरतो तो यामुळे. तरीही तुलना करायची तर साध्या गाडीशी करावी. एसी लावून उभी असलेली साधी पेट्रोल गाडी तासाला लिटर-सव्वा लिटर पिते. हायब्रिडचं साधारण निम्म्यात भागतं.

तुळजापूरच्या घाटात बॅटरीचा लहानपणा आणखी स्पष्ट दिसतो. नवरात्रात आम्ही घरचे सगळे देवीला जातो. येताना घाट उतरायला लागलो की पडद्यावर बॅटरीच्या रेघा भराभर चढतात, आणि मागं बसलेली पोरं मोजत बसतात. घाट संपायच्या आधीच रेघा पूर्ण होतात. मग अचानक इंजिनाचा आवाज वाढतो आणि सासूबाई विचारतात, ‘उताराला हे का गं ओरडतंय?’ दीड टनाची गाडी शंभर मीटर खाली आली की 0.4 युनिट ऊर्जा मोकळी होते. बॅटरीत तेवढीच जागा असते. ती भरली की पुढची ऊर्जा ठेवायला कुठंच नाही, म्हणून गाडी इंजिनाला पेट्रोल न देता नुसतं फिरवते आणि त्याच्या अडवणुकीनं वेग आवरते. तो आवाज पेट्रोल जळण्याचा नसतो. मी सासूबाईंना एवढंच सांगते की देवीनं दिलेलं सगळं घ्यायला आपली पिशवी लहान पडली. त्यांना ते पटतं.

सपाट, मोकळ्या रस्त्यावर मात्र परत घ्यायला काही नसतंच. मोहोळ सोडलं की टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत चौपदरी रस्ता सरळ पुण्याला जातो. टोलनाके आणि चहा सोडला तर ब्रेकवर पाय जात नाही. तिथं लढाई हवेशी असते. ऐंशीवरून शंभरला गेलं की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, कारण तो वेगाच्या वर्गानं वाढतो. तिथं मोटर आणि बॅटरी हे नुसतं वाहून न्यायचं ओझं. इंजिन काटकसरी आहे एवढाच काय तो फायदा उरतो. माझे थोरले भाऊ, अण्णा, टॉवेलच्या धंद्यात आहेत, दर आठवड्याला पुण्याला जातात. त्यांची डिझेल गाडी नव्वदच्या वेगाला लिटरला वीस देते. त्यांनी मला विचारलं, ‘तुझ्यासारखी घेऊ का?’ मी नको म्हटलं. त्यांच्या रस्त्यावर ती काही चमत्कार करणार नव्हती, आणि नव्वदऐवजी ऐंशीनं गेलात तर नवी गाडी न घेताही पैसे वाचतील, हेही सांगितलं. ते त्यांना फारसं आवडलं नाही.

कंपन्यांच्या कागदावरचा आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांच्यातली दरी हा आपल्याकडच्या गप्पांचा कायमचा विषय आहे. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या जुळ्या हायब्रिड गाड्यांचा जाहीर आकडा लिटरला 27.97 किलोमीटर होता, होंडा सिटी हायब्रिडचा 26.5. हे आकडे ठरलेल्या चाचणीत मिळालेले असतात. पुण्याची एआरएआय ही अशा प्रमाणनातली आपली मोठी संस्था. चाचणीत गाडी फिरत्या रोलरांवर उभी करून ठरलेल्या क्रमानं वेग घेते, सोडते, थांबते. वेग नव्वदच्या वर जात नाही, एसी बंद असतो, चढ नसतो, समोरून म्हैस येत नाही. या परीक्षेचा उपयोग एका गाडीची दुसऱ्या गाडीशी तुलना करण्यापुरता आहे. आपल्या रस्त्यावर किती पडेल हे सांगण्यासाठी ती आखलेलीच नाही. युरोपनं 2021 मध्ये नोंदलेल्या गाड्यांमध्ये बसवलेल्या मापकांवरून रस्त्यावरचा खरा खप गोळा केला, तर साध्या पेट्रोल-डिझेल गाड्या कागदापेक्षा साधारण पाचव्या हिश्श्यानं जास्त जाळत होत्या. आणि चार्जर लावून वापरायच्या प्लग-इन हायब्रिड? त्यांचं उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या साडेतीन पट निघालं. कारण साधं होतं. माणसं धरलं होतं तितका चार्जर लावत नव्हती, बरीचशी पेट्रोलवरच पळवत होती. गाडीत सोय असणं वेगळं आणि ती रोज वापरली जाणं वेगळं. चार्जर न लागणारी साधी हायब्रिड मला म्हणूनच जास्त भरवशाची वाटते. तिची बचत मालकाच्या शिस्तीवर फारशी अवलंबून नाही.

ॲव्हरेजच्या आकड्यात एक चकवा आहे, आणि तो शिकलेल्या माणसांनाही चकवतो. समजा, एकाची गाडी दहा देत होती, त्यानं पंधरा देणारी घेतली. दुसऱ्याची वीस देत होती, त्यानं पंचवीस देणारी घेतली. दोघांची वाढ पाच-पाच. पण हजार किलोमीटरला पहिल्याचे शंभर लिटरचे सदुसष्ट झाले, तेहतीस लिटर वाचले. दुसऱ्याचे पन्नासचे चाळीस झाले, दहाच वाचले. म्हणून बावीसचे सव्वीस करायला जीव टाकणाऱ्यापेक्षा, गावात नऊ-दहा देणारी जुनी एसयूव्ही काढून टाकणारा कितीतरी जास्त इंधन वाचवतो. हजार किलोमीटरला किती लिटर, असं आपण मोजायला लागलो तर गाडी निवडायचे बरेच निर्णय बदलतील. मी विद्यार्थ्यांकडून त्यांच्या घरच्या गाड्यांचा हिशेब असाच करून घेते.

लिटर मोजले की धूरही मोजता येतो. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्याही आत, पण ते जळलं की 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वजन वाढतं कारण पेट्रोलमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो. डिझेलचा आकडा 2.7 च्या आसपास. माझ्या गाडीच्या आकाराची साधी ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी आमच्या रस्त्यावर अकरा-बारा देते, म्हणजे किलोमीटरला 200 ग्रॅम. माझी 100 ते 105. जवळजवळ निम्मं. पुण्याच्या रस्त्यावर हाच फरक कितीतरी आखडतो. अण्णांच्या डिझेलचं उत्सर्जन किलोमीटरला 135 ग्रॅम येतं, माझं तिथं सव्वाशेच्या आसपास. आणि हेही लिहायला हवं की एकट्या माणसाला भाजी आणायला जायचं असेल तर पन्नास देणारी स्कूटर किलोमीटरला 46 ग्रॅमवरच भागवते. हायब्रिड झाली म्हणून चारचाकी ही दुचाकीपेक्षा हलकी होत नाही.

पण मला जास्त काळजी वाटते ती कार्बन डायऑक्साइडपेक्षा रस्त्याच्या कडेच्या हवेची. चौकाचौकात फुलवाल्या बसतात. जमिनीवर पोतं अंथरून, मांडीसमोर शेवंती आणि झेंडूची रास, हातात दोरा. गाडीचा सायलेन्सर त्यांच्या तोंडाच्या उंचीला असतो. सिग्नलला उभं राहिलेल्या प्रत्येक चालू इंजिनाचा धूर आधी त्यांच्या वाट्याला येतो, मग हवेत मिसळून आपल्याला. देशातल्या ज्या शहरांची हवा ठरवलेल्या मर्यादेत नाही, त्यांच्यासाठी 2019 मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला. त्या यादीत सोलापूर आहे. आपल्या हवेत धुळीचा वाटा मोठा आहेच, पण चौकात उभ्या असलेल्या शंभर इंजिनांचा धूर काही धुळीच्या नावावर टाकता येत नाही. सिग्नलला हायब्रिडचं इंजिन बंद असतं तेव्हा वाचलेलं पेट्रोल माझं असतं, न निघालेला धूर त्या बाईंचा असतो. ब्रेकच्या पॅडची झीज कमी होते, तिची बारीक भुकटी हवेत कमी उडते, तोही त्यांचाच फायदा.

इथं हायब्रिडचा एक कच्चा दुवा सांगते. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापला की मगच नीट काम करतो. त्याआधीची पहिली एक-दोन मिनिटं कुठलंही पेट्रोल इंजिन सर्वांत घाण धूर सोडतं. हायब्रिडचं इंजिन सारखं बंद-चालू होत असल्यानं कन्व्हर्टर मधल्या काळात थोडा निवू शकतो, आणि नेमक्या त्या वेळी कुणी पाय दाबून वेग घेतला तर थंड इंजिनावर एकदम भार येतो. आपल्या उन्हात तो लवकर निवत नाही, हे आपलं नशीब. तरी निघाल्यावर पहिली दोन मिनिटं हळू चालवायची सवय मी लावून घेतली आहे. एप्रिल 2023 पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना रस्त्यावर चालवून, मागं उपकरण बांधून, खरा धूर मोजायची अट आली. प्रयोगशाळेबाहेरची ही परीक्षा मला फार महत्त्वाची वाटते.

पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. त्यात वीस टक्के इथेनॉल असतं, आणि लिटरमागं इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. म्हणजे मिश्रणाच्या लिटरमध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमी. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळे या बदलाचे पैसे आपल्या गावांत येतात हे खरं. पण पाण्याच्या टँकरची वाट पाहणारी गावंही याच जिल्ह्यातली आहेत. ऊस, पाणी आणि इंधन हा विषय मोठा आहे, त्याच्यावर वेगळं लिहीन.

‘मग थेट इलेक्ट्रिकच का नाही?’ हा प्रश्न स्टाफरूममधला. त्याचं उत्तर शोधायला सोलापूरकराला लांब जावं लागत नाही. होटगीजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचं औष्णिक केंद्र आहे, 660 मेगावॉटचे दोन संच, कोळसा रेल्वेनं येतो, पाणी उजनीहून. देशातल्या विजेच्या एका युनिटमागं सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी, भिंतीतल्या सॉकेटपासून मोजलं तर, किलोमीटरला 0.16 युनिट घेते. म्हणजे 110 ते 115 ग्रॅम. माझ्या गाडीचे 100-105, पण त्यात पेट्रोल विहिरीतून काढणं, शुद्ध करणं, टँकरनं आणणं मिळवलं की सव्वाशेच्या घरात जातं. मोठी बॅटरी बनवतानाचा धूर इलेक्ट्रिकच्या नावावर टाकला की आज दोघी जवळपास बरोबरीत येतात. फरक पुढच्या वर्षांत पडेल. ग्रिडमध्ये सूर्याची वीज वाढत जाईल तशी तीच इलेक्ट्रिक गाडी आपोआप स्वच्छ होत जाईल. माझी गाडी मात्र दहा वर्षांनीही लिटरमागं 2.3 किलोच सोडणार. आणि चौकातल्या फुलवालीच्या बाजूनं पाहिलं तर इलेक्ट्रिक आजच जिंकते. गच्चीवर सोलर असेल, घरात लावायला जागा असेल आणि रोजचा फेरा गावातलाच असेल, तर मी इलेक्ट्रिक घ्या असंच सांगते. सोलापूरला उन्हाची कमतरता नाही. करही तसाच सांगतो: इलेक्ट्रिकवर 5 टक्के जीएसटी, मोठ्या हायब्रिडवर सप्टेंबर 2025 पर्यंत उपकर धरून 43 आणि त्यानंतर 40. गावात अर्धा धूर सोडणाऱ्या गाडीला जवळजवळ पूर्ण धूर सोडणाऱ्या गाडीच्याच रांगेत बसवणं मला पटत नाही. निदान टॅक्सी परवान्याच्या हायब्रिडला तरी सूट मिळायला हवी, कारण ती घरच्या गाडीच्या तिप्पट-चौपट चालते.

टॅक्सीचं मनात येण्याचं कारण आमच्या गल्लीतले एक टुरिस्ट गाडीवाले. स्टेशनवरून भाविकांना घेऊन अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर असा त्यांचा फेरा. डिझेलची सात सीटर आहे, बदलायची वेळ आली आहे. ते वही घेऊन घरी आले. ‘ताई, तुम्ही हिशेबाचं बगता म्हणून आलो. हायब्रिड घिऊ का सांगा की.’ आम्ही चहा घेता घेता बसलो मांडायला. त्यांची गाडी लिटरला तेरा देते, डिझेल नव्वदीत, म्हणजे किलोमीटरला सात रुपये. त्यांच्या मोकळ्या रस्त्यांवर सात सीटर हायब्रिड सतरा देईल असं धरलं, पेट्रोल एकशे पाचच्या आसपास, म्हणजे सहा रुपये वीस पैसे. किलोमीटरला ऐंशी पैसे. वर्षाला चाळीस हजार किलोमीटर चालवतात, तर बत्तीस हजार रुपये. धुराचा हिशेब केला तर किलोमीटरला 207 ग्रॅमचे 135 होतात, वर्षाला जवळजवळ तीन टन कमी. खिशात येणारे पैसे थोडे आणि हवेतून जाणारा धूर बराच, असा तो कागद निघाला. त्यांनी तो दोनदा वाचला.

मग त्यांनीच एक गोष्ट काढली जी माझ्या कागदावर नव्हती. ‘म्हाताऱ्या मान्सांना रांगंत उभारता येत न्हाई. ती गाडीत बसतात. अक्कलकोटला दोन-दोन तास एसी चालू ठिवून उभा असतो मी.’ उभ्या गाडीचे हे तास ॲव्हरेजमध्ये दिसतच नाहीत, पण डिझेल तर जळतंच, आणि तेही देवळाच्या दारात, गर्दीत. हायब्रिडची बाजू तिथंच जड होऊ शकते. म्हणून मी त्यांना सांगितलं की महिनाभर वहीत तीन रकाने ठेवा: गावातले किलोमीटर, हायवेचे किलोमीटर, आणि एसी लावून उभे राहिलेले तास. ते आले की पुन्हा बसू.

जाताना त्यांनी बॅटरीचं विचारलं. त्या गाड्यांच्या हायब्रिड बॅटरीला साधारण 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, यातलं जे आधी होईल तेवढी हमी असते. घरच्या गाडीला आठ वर्षं मिळतात. तुमचे किलोमीटर चार वर्षांत संपतील, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. शोरूममध्ये दोन गोष्टी लेखी मागा म्हटलं: टॅक्सी परवान्याच्या गाडीला ही हमी तशीच लागू आहे का, आणि हमी संपल्यावर बॅटरी बदलायची झाली तर आजच्या भावानं किती पडेल. ही दोन उत्तरं हातात येईपर्यंत टोकनचे पैसे देऊ नका.